वही कंपनीची, अक्षर माझं

वहीचं पहिलं पान मशीनमध्ये गेलं तेव्हा मला वाटलं, मॅडम नुसती भीती घालतायत. एखादं पान जाईल, दम देतील, वही परत करतील. मग दुसरं पान गेलं. तिसरं गेलं. मशीन खालून शेवयांसारख्या पट्ट्या सोडत होतं आणि त्या पट्ट्यांवर माझं अक्षर होतं.

सुटायची वेळ होती. गेटवर आम्हा बायका-मुलींची रांग लागलेली. ते कागद कापायचं मशीन रिसेप्शनच्या टेबलाशेजारीच होतं, त्यामुळे सगळ्यांना सगळं दिसत होतं. सिक्युरिटीच्या ताईंना माझ्या डब्याच्या पिशवीत वही सापडली होती आणि त्यांनी एचआरच्या मॅडमना बोलावलं होतं.

"मॅडम, ती माझी पर्सनल वही आहे," मी म्हटलं.

"प्लांटमध्ये लिहिलेलं काहीच पर्सनल नसतं. जॉइन होताना सांगितलं होतं ना?"

"घरी लिहिलंय मी ते."

"मग तर सरळ चोरीच झाली."

मी म्हटलं, शेवटचं पान तेवढं द्या. बाकी सगळं घ्या. मॅडमनी शेवटचं पान उघडलं, डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, आणि तेच आधी मशीनमध्ये घातलं. मग सिक्युरिटीच्या ताईंना म्हणाल्या, "हिचे केस पण बघा. पेन ड्राइव्ह असेल." ताईंनी माझा अंबाडा सोडला. बोटं घालून चाचपलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मॅडम हळूच म्हणाल्या, पण ऐकू जाईल इतक्याच हळू, "ह्या लोकांना जरा जवळ केलं की असंच होतं."

ह्या लोकांना म्हणजे कुणाला, हे रांगेतल्या प्रत्येकीला कळलं. चौदा एप्रिलची सुट्टी मी दरवर्षी न चुकता मागते. तेवढं पुरतं लोकांना.

मी केस मोकळे सोडून तशीच उभी होते. तेवढ्यात आमचे इंजिनिअर निखिल सर लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून बाहेर पडले. त्यांना कुणी अडवलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून मोबाइल काढून त्यात बघत निघून गेले. त्या वहीत काय होतं, हे त्या गेटवर मी सोडून फक्त त्यांनाच माहीत होतं.

भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमची कंपनी. खाली स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारणारे गाळे, दिवसभर घरघर. वर आमच्याकडे एसी, पांढरे कोट, काचेची दारं. आम्ही सेन्सर बनवायचो. पाच रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. औषधांच्या खोक्यात ठेवायचा, वाटेत गारवा तुटला की तो नोंद ठेवतो. मी आयटीआय केलेली, इलेक्ट्रॉनिक्स. माझे बाबा मीरा रोडच्या एका टॉवरमध्ये वॉचमन. त्यांनी डबल ड्यूटी करून माझी फी भरली. मी पहिल्यांदा पांढरा कोट घातला त्या दिवशी त्यांनी गावाकडं, परभणीला, तीन जणांना फोन केले. 'पोरगी लॅबमध्ये आहे' म्हणून सांगितलं. मी टेबलावर बसून चिकटवायचं काम करायचे. पण मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

कंपनीला एकाच गोष्टीची भीती होती. आपली युक्ती कुणी उचलेल. म्हणून मोबाइल गेटवर जमा. म्हणून एका बाईला एकच काम. सर्किट बसवणारीला पुढं काय होतं ते कळायचं नाही, टेस्टिंगवालीला मागचं कळायचं नाही. आणि केमिकलला नावच नाही. ड्रम आला की स्टोअरवाला ब्लेडने लेबल खरवडून काढायचा आणि नंबर चिकटवायचा. बाटली नंबर एक, दोन, तीन, चार. तीन आणि चार मिसळून जो चिकट रस व्हायचा, तो सेन्सरवर ओतायचा. वाळला की दगड. पाणी आत जात नाही.

तरी जायचं. रसात बुडबुडे राहायचे. ट्रेमधल्या चार-पाच सेन्सरांचं तरी रोज भंगार व्हायचं. इंजिनिअर लोकांनी रस बदलून पाहिला, कंपनी बदलून पाहिली, बाहेरून एक साहेब आणले. तो साहेब आमच्याशी बोललाच नाही. यंत्रांशी बोलून गेला.

मी सात महिने नुसती बघत होते. माझी नजर तशी आहे, एखादी गोष्ट खुपली की सुटत नाही. पाहिलं की सकाळी पहिल्या ट्रेला बुडबुडे कमी असतात. दुपारी जास्त. खाडीकडून दमट वारा चढला की आणखी जास्त. मग कळलं. रसाच्या वासामुळे आमच्या टेबलाशी खिडक्या उघड्या असतात; एसीच्या खोलीतून गार पडलेला ट्रे तिथं येतो, आणि फ्रिजमधल्या तांब्याला बाहेर घाम सुटतो तसा त्यालाही सुटतो. डोळ्याला दिसत नाही इतका बारीक. त्याच्यावर रस ओतला की बुडबुडा. मी ट्रे आधी रस वाळवायच्या ओव्हनच्या माथ्यावर वीस मिनिटं ठेवायला लागले. आणि रस मधोमध ओतायचं सोडून प्लास्टिकच्या पट्टीवरून एका कडेनं सोडायला लागले, म्हणजे आतली हवा दुसऱ्या कडेनं निघून जाईल. त्या पट्टीचा कोन नीट जमायला मला अकरा पट्ट्या कापाव्या लागल्या. रोज घरी गेल्यावर वहीत लिहायचे. आज किती मिनिटं, कोणता कोन, बाहेर वारा कसा. मराठीत, चित्र काढून.

माझ्या ट्रेमध्ये भंगार निघेना तेव्हा निखिल सर माझ्याकडे आले. प्रोसेस इंजिनिअर. वयाने माझ्याएवढेच. स्टूल ओढून शेजारी बसले. तसं त्या कंपनीत कुणी माझ्याशेजारी बसलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, रोज वहीत काय लिहिते तेही. एकेक पट्टी दाखवली. ते त्यांच्या रजिस्टरमध्ये लिहून घेत होते. कंपनीचं रजिस्टर, पानांवर नंबर छापलेले, खाली सही आणि तारीख. जाताना खूष होऊन म्हणाले, "तुझं डोकं मस्त चालतं गं. रिझर्व्हेशनवाली वाटत नाहीस."

मी हसले. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. मी हसले. स्तुती म्हणून घेतलं. घरी येऊन बाबांनाही सांगितलं, सर म्हणाले डोकं मस्त चालतं. पुढचं वाक्य गिळलं.

चार महिन्यांनी केक आला. आम्हाला सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं. डायरेक्टर साहेब म्हणाले, आपण एका नव्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केलाय. पडद्यावर चित्र आलं. ती माझी पट्टी होती. कोन तोच. खाली शोध लावणाऱ्यांची नावं, डायरेक्टर साहेब आणि निखिल सर. आयत्या बिळावर नागोबा, आणि तेही दोन. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. कागदाच्या प्लेटा वाटायचं काम माझ्याकडे होतं.

पाली गावची रोझी माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. कोळ्याची पोर, बोलायला फटकळ, रोज दोन बस बदलून यायची. तिनं माझ्या हातून प्लेट घेतली आणि म्हणाली, "ही पट्टी तुजी हाय ना गो?"

मी म्हटलं, "गप बस."

"मी गप बसते. तू कशाला बसतेस?"

मी उरलेल्या प्लेटा उचलून पुढं निघाले.

त्यानंतर वसईच्या एका कंपनीने तसाच सेन्सर बाजारात आणला. बुडबुडे नसलेला. आमच्याकडे एकदम धावपळ. कॅमेरे वाढले. सुटताना झडती सुरू झाली. डबे उघडायचे, पर्स उलटी करायची, चपला काढायच्या. साहेब लोकांना यातलं काही नाही. आमच्यातूनच कुणीतरी फुटलंय, असं मॅडम मीटिंगमध्ये उघड म्हणाल्या.

मला एक गोष्ट ठाऊक होती. आमच्या कंपनीत मागच्या बाजूला एक छोटी खोली आहे. तिथं दुसऱ्या कंपन्यांचे सेन्सर बाजारातून विकत आणून कापले जातात. आत काय घातलंय, कसं घातलंय, फोटो काढून बघतात. कापायचं काम माझ्याकडे असायचं, कारण माझा हात थरथरत नाही. भिंगाखाली धरून किती कंपन्यांचे सेन्सर मी उभे चिरले, मोजलेलं नाही. वसईवाल्यांनीही आमचा तसाच चिरला असणार. आपण दुसऱ्याचं उघडलं की त्याला अभ्यास म्हणतात. दुसऱ्याने आपलं उघडलं की टेबलावरच्या पोरी चोर. हे साहेबांना कळत नव्हतं असं कसं म्हणू? कळत होतं.

त्याच दिवसांत रोझीचे हात उतले. आधी बोटांच्या बेचक्यात खाज, मग फोड, मग कातडी सोलायला लागली. कंपनीनं दिलेले हातमोजे पातळ, दुपारपर्यंत फाटायचे. तिची आई मच्छी विकते, सुट्टीच्या दिवशी रोझी मासे साफ करायला बसायची. ते बंद झालं. मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय हाताळता तुम्ही? केमिकलचं नाव काय?"

रोझी म्हणाली, "बाटली नंबर चार."

डॉक्टरबाईंना वाटलं, ही मस्करी करतेय. मी समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, नाव आणा, नाहीतर मी नुसतं मलमच देऊ शकते. नेमकं काय ते कळलं तर पुढचं टाळता येईल. बाहेर आल्यावर रोझी हात हवेत धरून चालत होती, ओल्या मेंदीचे धरतात तसे. "आग व्हते गो," एवढंच म्हणाली.

दोन दिवसांनी स्टोअरमध्ये एक ड्रम अर्धाच खरवडलेला दिसला. लांबलचक इंग्रजी नाव, मधली काही अक्षरं गेलेली. मी दुसऱ्या दिवशी वही डब्याच्या पिशवीत घालून आत नेली. आत जाताना कुणी तपासत नाही. कंपनीत काहीतरी घेऊन येणाऱ्याचं काय तपासायचं? जेवणाच्या सुट्टीत जाऊन अक्षर न् अक्षर शेवटच्या पानावर उतरवलं. नुसत्या त्या पानाची घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली असती तर निघून गेलं असतं. पण वहीचं पान फाडायची मला सवय नाही. बाबा लहानपणी फाडू द्यायचे नाहीत. वही फाडणाऱ्याची विद्या फाटते म्हणायचे. म्हणून मी अख्खी वही तशीच बाहेर घेऊन निघाले, आणि गेटवर जे झालं ते सुरुवातीला सांगितलंच.

त्या संध्याकाळी मी रोझीसाठी ते नाव आठवायला बसले. पहिली चार अक्षरं आठवली. शेवटची दोन. मधलं काही येईना. ड्रम दुसऱ्या दिवशी पूर्ण साफ होता. इतक्या महिन्यांची मेहनत गेली त्याचं मला तेव्हा तितकं नाही वाटलं. ती डोक्यात होती. पण ते नाव डोक्यात नव्हतं, आणि त्याच्यासाठी मी खूप रडले.

बाबांना सांगितलं. त्यांनी युनिफॉर्मचा शर्ट खुंटीला लावला. मग म्हणाले, "चेक तर करावंच लागतं माय. माझी बी ड्यूटी तीच हाय."

मला ते माहीत होतं. त्यांच्या टॉवरमध्ये कामवाल्या बाया जाताना पिशव्या दाखवतात, आणि बघणारे माझे बाबा असतात. मी विचारलं, "बाबा, कुणाचे केस सोडायला लावलेत का तुम्ही?"

"न्हाई." थोड्या वेळाने म्हणाले, "पदर झटकायला लावलाय. सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते."

आम्ही दोघंही जेवलो नाही.

पुढच्या आठवड्यात कागद आले. प्रत्येकीला एकेक करून मॅडमच्या केबिनमध्ये बोलवायचे. चार पानं, इंग्रजीत. खाली तीन ठिकाणी पेन्सिलीने फुल्या, तिथं सही. पोरी आत जायच्या आणि मिनिटात बाहेर. माझी पाळी आली. मी पहिलं पान उचलून वाचायला लागले.

मॅडम हसल्या. "वाचून काय करणार? सगळ्यांनी केलीय."

मी सावकाश वाचलं. मला वेळ लागतो इंग्रजीला. पण आयटीआयची मॅन्युअलं मी तशीच वाचली होती. लिहिलं होतं की प्लांटमधलं काहीही मी कुणाला सांगणार नाही, घरच्यांनाही नाही. दोन वर्षं अशा प्रकारच्या दुसऱ्या कुठल्या कंपनीत काम करणार नाही. आणि तिसऱ्या पानावर, माझ्यासाठी खास टाईप केलेलं: सदर पद्धतीत माझा कोणताही वैचारिक सहभाग नाही, मी केवळ वरिष्ठांच्या सूचनेनुसार हाताने काम केले.

ते मी तीनदा वाचलं. हाताने. केवळ. निखिल सर शेजारच्या खुर्चीत बसले होते, साक्षीदार म्हणून. इतर कुणाच्या सहीला साक्षीदार नव्हता. म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. चोरी झाली म्हणून माझे केस सोडले आणि चोरीचा माल ह्यांच्याच पेटंटच्या अर्जात होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मी म्हटलं, "बाटली नंबर चारमध्ये काय आहे, ते रोझीच्या डॉक्टरांना आधी कळवा."

"ते ट्रेड सिक्रेट आहे."

"फक्त डॉक्टरांना."

"डॉक्टर उद्या वसईवाल्यांना सांगतील. मग?"

बाईचे हात सोलून निघालेत आणि ह्यांना वसई दिसतेय. माझ्या आत काहीतरी एकदम शांत झालं. मला राग येईल असं वाटलं होतं. आलं ते दुःख, आणि त्या दुःखात भीती संपली होती. इतकी वर्षं मी ह्या लोकांना माझ्यापेक्षा मोठं समजत होते. त्यांच्या शेजारी बसण्याने हरखून जात होते. आणि हे लोक एका पट्टीला घाबरून बसलेले.

मी निखिल सरांकडे बघून म्हटलं, "सर, हे खोटं आहे. विचार मी केला होता."

ते म्हणाले, "अगं, तुला नोकरी हवीय ना?"

मी पेनला टोपण लावलं आणि कागद उलटा ठेवला. "हात माझे होते, डोकंपण माझंच होतं. सही नाही करणार."

मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

रोझीने सही केली होती. माझ्या आधीच. नंतर मला कळलं. तिच्या घरी भावाची होडी दुरुस्तीला काढलेली, तिचाच पगार चालू होता. तिनं मला फोन केला नाही. मी केला तर तिच्या आईने उचलला, म्हणाली, "ती न्हाय बोलत आता. कागदान लिवलंय तसा, कोनाशी बोलायचा न्हाय." मी रोझीवर कधीच चिडले नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाताना माणूस कुणाचा हात धरणार? तिला आता पॅकिंगला बसवलंय असं ऐकलं. हात बरे झालेत का, ते मला माहीत नाही. हे माहीत नसणं फार जड आहे.

कागद आलेत आणि पेटंटवर माझं नाव नाही, हे कळलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "सही करून टाक की माय. नावानं काय पोट भरतंय." विहारात आमच्याकडे एक कांबळे काका येतात, कोर्टात कारकून होते, आता रिटायर. मी नोकरी घालवून घरी आले तेव्हा बाबांनीच मला त्यांच्याकडे नेलं. काकांनी सगळं ऐकलं, दोन दिवस पुस्तकं चाळली, मग म्हणाले, "पोरी, पेटंटची मालकी कंपनीची असू शकते. पण शोध ज्यानं लावला त्याचं नाव त्यात असावं लागतं. ते मालकाच्या मर्जीवर नाही. तसा अर्ज करता येतो."

"पुरावा नाही काका. वही कापली."

"कापली कुणासमोर?"

"सगळ्यांसमोर."

"मग सगळे साक्षीदार आहेत," काका म्हणाले. "येतील का, ते मला विचारू नकोस."

आम्ही पेटंट ऑफिसला अर्ज लिहिला. मी अकरा पट्ट्या पुन्हा कापल्या, एकेका कोनाचं चित्र काढलं, कोणता का चुकला ते खाली लिहिलं. निखिल सरांच्या रजिस्टरमध्ये फक्त बरोबर आलेला कोन आहे. चुकलेले दहा माझ्याकडे आहेत. चुका कुणी चोरल्या नव्हत्या. काका म्हणाले, हाच आपला पुरावा.

आता मी मीरा रोडला एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसते. पगार निम्मा. कंपनीच्या वकिलाचं पत्र आलंय, की प्लांटमधली कोणतीही गोष्ट उघड केल्यास कारवाई होईल, सही केली नसली तरी. त्यानंतर एका माणसाचा फोन आला. समजूतदार आवाज. म्हणाला, अर्ज मागे घ्या, आपण बसून मार्ग काढू, तुमचंही भलं होईल. मी विचारलं, केमिकलचं नाव देणार का. त्याने फोन ठेवला.

माझं नाव लागेल का, मला माहीत नाही. एकही साक्षीदार अजून आलेला नाही. कदाचित येणारही नाही. बाबा रोज ड्यूटीवर जाताना विचारतात, काही कळलं का, आणि मी नाही म्हणते.

घरच्यांनाही सांगायचं नाही, असं त्या कागदावर होतं. मी घरच्यांना सांगितलं, विहारात सांगितलं, आणि आता तुम्हाला सांगितलं. नोटीस आली तर तीही मोठ्यानं वाचून दाखवीन. सुनावणीला बोलावतील तेव्हा एकटी असले तरी जाईन, आणि पहिला प्रश्न विचारायच्या आत आडनावासकट पूर्ण नाव सांगेन.